दुभंगलेला ओठ आणि स्वयंसेवकाचे कार्य

दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मास आले की त्याचा दोष बहुधा आईच्या माथी मारला जातो. ग्रहणकाळात तिने विळी हाती धरली म्हणून बाळाचा ओठ चिरला, असे सांगतात. वस्तुतः ओठाची जडणघडण गर्भारपणाच्या ४ थ्या ते ७ व्या आणि टाळूची ६ व्या ते ९ व्या आठवड्यात होते. त्या वेळी दोन्ही बाजू पुरत्या जुळल्या नाहीत, तर फट राहते. आनुवंशिकता, मातेचे धूम्रपान, मधुमेह, काही औषधे ही त्याची संभाव्य कारणे होत. पुष्कळदा निश्चित कारण सापडतही नाही. ग्रहणाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

हे व्यंग शस्त्रक्रियेने सुधारता येते. ‘ऑपरेशन स्माईल’ (स्थापना १९८२) व ‘स्माईल ट्रेन’ (स्थापना १९९९) या सेवाभावी संस्था त्यासाठी विनामूल्य साहाय्य करतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही या व्यंगाचा समावेश आहे. तरीही अनेक मुले उपचारांवाचून राहतात; कारण ही वार्ताच त्यांच्या घरी पोहोचत नाही. मिर्झापूर जिल्ह्यातील एका मुलीवरील ‘स्माईल पिंकी’ या माहितीपटास २००९ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यात गावोगाव फिरून अशा मुलांचा शोध घेणारा समाजसेवक दिसतो. शस्त्रवैद्याइतकेच त्याचेही काम मोलाचे आहे, आणि ते करण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही.

स्वयंसेवकाने पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात :

१. अंगणवाडी सेविका, सुईण व शिक्षक यांच्याकडे चौकशी करावी. घरी गेल्यावर प्रथम आईला निर्दोष ठरवावे. मग उपचाराचे बोलावे.

२. टाळू दुभंगलेली असल्यास बाळाला दूध ओढता येत नाही. ते नाकावाटे बाहेर येते. बाळाला उभट धरून, आईचे दूध काढून वाटी-चमच्याने थोडेथोडे पाजण्यास शिकवावे. वजन वाढले नाही, तर शस्त्रक्रिया लांबणीवर पडते.

३. ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः ३ ते ६ महिन्यांच्या व टाळूची ९ ते १८ महिन्यांच्या वयात करतात. वय उलटले तरी निराश होऊ नये; मोठेपणीही ती करता येते.

४. भूल देण्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलेला उपवास कटाक्षाने पाळला पाहिजे. रडते म्हणून आजीने मायेने पाजलेले दूध भुलेत श्वासनलिकेत जाऊन जिवावर बेतू शकते. हे घरातील सर्वांना समजावून सांगावे.

५. ओठ सांधला की काम संपले, असे अनेक पालकांस वाटते. परंतु टाळू तशीच राहिल्यास उच्चार गेंगाणे होतात, कान वारंवार फुटतात व श्रवणशक्ती उणावते. म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेची व वाचा-उपचाराची आठवण स्वयंसेवकानेच ठेवावी.

शाळेत अशा मुलास व्यंगावरून हाक मारली जाणार नाही, याची दक्षता शिक्षकांनी घ्यावी. आपल्या गावात असे एखादे मूल असेल, तर आजच प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. शस्त्रवैद्य ओठ सांधील. त्या मुलाला त्याच्यापर्यंत पोहोचविणे मात्र आपल्या हाती आहे.