अँटेनाभोवतीची ऊर्जा : साठलेली आणि वाहणारी

चेन्नईतील वेस्ट मांबलम ही मांबलम रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पसरलेली दाट वस्ती. अशा वस्तीत मोबाइलचा अँटेना गच्चीवरच बसतो. भाडे त्या इमारतीच्या मालकास मिळते. चिंता मात्र समोरच्या घरांच्या वाट्यास येते. अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम म्हणतात. ही चिंता कितपत सार्थ आहे, हे ठरविण्यापूर्वी अँटेनाभोवतीच्या ऊर्जेचे स्वरूप जाणून घेणे अगत्याचे आहे.

विद्युत व चुंबकीय क्षेत्रे स्वतःच ऊर्जा धारण करतात. अँटेनाच्या अगदी निकट यातील बरीच ऊर्जा केवळ साठलेली असते. ती क्षेत्रात जाते व पुन्हा अँटेनाकडे परतते. लहान अँटेनाच्या बाबतीत हे क्षेत्र तरंगलांबीच्या सुमारे एक षष्ठांश अंतरापर्यंत प्रभावी असते. ९०० मेगाहर्ट्झला जेमतेम ५ सेंटिमीटर. उर्वरित ऊर्जा लहरीरूपाने बाहेर पडते, ती परतत नाही. या प्रवाहाचे गणित जॉन पॉइंटिंग यांनी १८८४ साली मांडले. विद्यार्थ्यांची गल्लत बहुधा येथेच होते : साठलेल्या ऊर्जेची घनता ज्यूल प्रति घनमीटर, तर प्रवाहाची घनता वॅट प्रति चौरस मीटर या एककात मोजतात.

समजा, २० वॅटचा अँटेना आपली शक्ती एका दिशेस ५० पट एकवटतो. त्या झोताच्या रेषेत ३० मीटरवर प्रवाहघनता सुमारे ०.०८८ वॅट प्रति चौरस मीटर येते. अंतर दुप्पट केल्यास ती एक चतुर्थांश उरते. भारताने २०१२ साली ९०० मेगाहर्ट्झसाठी घातलेली मर्यादा ०.४५ होती, म्हणजे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादेच्या एक दशांश. या उदाहरणात ती सुमारे १३ मीटरच्या आत ओलांडली जाते. झोत जवळजवळ आडवा असल्याने अँटेनाच्या थेट खालच्या घरात प्रवाह क्षीण असतो. समान उंचीवरील समोरच्या गच्चीची गोष्ट निराळी. तेव्हा टॉवर किती जवळ आहे, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. झोताची दिशा व उंचीही विचारावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना ‘संभाव्य कर्करोगजनक’ गटात ठेवले. पुरावा मर्यादित असल्याचा तो निर्वाळा होता, धोका सिद्ध झाल्याचा नव्हे. दूरसंचार विभागाने २०१७ साली ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ सुरू करून नागरिकांना प्रत्यक्ष मोजणी मागण्याची सोय केली. त्यासाठी प्रारंभी ४,००० रुपये शुल्क ठरले, आणि तेही भाडे घेणाऱ्याने नव्हे, शंका असणाऱ्याने भरावयाचे होते.