माणूस जोखायचा काटा

“तुझ्या नवऱ्यानं पथ्य पाळलं नाही गं, नाहीतर आज माझ्यासारखाच हिंडला-फिरला असता.” यांच्या तेराव्याला शेठ सगळ्यांसमोर असं बोलले, वर कुंभकोणमचं कोवळं पान तोंडात घातलं आणि गाडीत बसून निघून गेले. तीन वर्षं होत आली तरी ते वाक्य कानातून जात नाही. गावाकडेही तेच पसरलं. बाईनं लक्ष दिलं नाही, मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव सोडून परमुलखात माणूस घालवला. म्हणून लिहायला बसले. आधी माझी बाजू सांगते. मग ज्यांच्या घरात आत्ता कुणाला धाप लागते आहे, त्यांच्यासाठी सुचेल ते.

शेठ आणि हे एकाच गावचे, खानापूर तालुक्यातले. दोघांनी कुंभकोणमला गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, एकाच भट्टीपुढं उमेदीची वर्षं काढली. तीच मूस, तोच तेजाबाचा धूर. भट्टी शेठची होती आणि हे तिच्यावर कामाला होते. 2021 च्या ऑगस्टात दोघांनाही महिन्याभराच्या अंतरानं धाप लागायला लागली. पुढं दोघांच्या हृदयाचा इको झाला. निरोगी हृदय दर ठोक्याला आपल्यातलं 55 टक्के किंवा त्याहून जास्त रक्त बाहेर फेकतं. शेठचं हृदय 28 टक्के फेकत होतं, यांचं 25. तीन टक्क्यांचा फरक, बाकी आजार तोच.

शेठचा इको आठ दिवसांत त्रिचीला झाला. महिन्याभरात ते चेन्नईला जाऊन आले. छातीत यंत्र बसलं, जावई पुण्याहून रोज फोनवर गोळ्या विचारायचा. आमचा इको झाला मार्च 2022 मध्ये. मधले सात महिने आम्ही कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घालवले. तिथं एकच शब्द ऐकला, ‘वीसिंग’, म्हणजे छातीतली घरघर. यांनी मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, मूच्चु वांगुदु, दम लागतो. डॉक्टरांनी कामाचं विचारलं. गलाईचं ऐकल्यावर मान हलवली, धूर आहे म्हणाले. वर नुकतीच कोरोनाची लाट येऊन गेलेली. वाफ दिली, तोंडात मारायचा पंप दिला. आडवं झाल्यावर दम वाढतो का, रात्री घाबरून उठून बसता का, पाय सुजतात का, हे सात महिन्यांत एकदाही विचारलं नाही. हे तर पाठीशी बोचकं लावून भिंतीला टेकून झोपत होते! मी समजत होते, उकाड्यानं झोप येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट हीच. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. आडवं पडलं की दम वाढतो, उशा वाढवाव्या लागतात, बोटानं दाबलं की पायावर खळगा राहतो. इकडं असाल तर तमिळमध्ये पाठ करून जा. ‘पडुत्ता मूच्चु वांगुदु’ म्हणजे आडवं झालं की दम लागतो. ‘काल् वीक्कम’ म्हणजे पायाला सूज. या दोन वाक्यांनी आमचे सात महिने वाचले असते. ती मला शिकवली शेजारच्या आजींनी, आणि तीही फार उशिरा. त्या व्यंकोजीराजांच्या काळापासून इकडं असलेल्या तंजावरी मराठी घराण्यातल्या. त्यांचं मराठी आपल्याला जुनं वाटतं, पण कागदपत्रं इथली. आम्ही चोवीस वर्षं राहूनही इथले नव्हतो.

कागदांचं सांगते, कारण आमचं खरं नुकसान तिथं झालं.

तमिळनाडूत मुख्यमंत्र्यांची विमा योजना आहे, वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत. तेव्हा उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 1 लाख 20 हजार होती. यांचा पगार महिन्याला साडेनऊ हजार, म्हणजे आम्ही बसत होतो. पण त्याला इथलं कुटुंब-कार्ड, म्हणजे रेशनकार्ड, लागतं असं कळलं. आमची नावं गावच्या केशरी कार्डावर, दिरांच्या घरात. त्या कार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजना मिळाली असती, पण ती महाराष्ट्रातल्या नेमलेल्या दवाखान्यांत. इथलं कार्ड काढायचं तर गावच्या तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला हवा. मी एप्रिलमध्ये दिरांना फोन केला. ते म्हणाले, “नाव कमी केलं की सातबाऱ्यावरनं पण जाईल, मग बसा बोंबलत.” यांनाही ते पटलं. दीड एकर माळरान, त्यात वर्षाला चार पोती ज्वारी. त्यासाठी आम्ही थांबलो. रेशनकार्डाचा आणि सातबाऱ्याचा काडीचा संबंध नाही, हे गलाईवाल्या प्रत्येक घरानं आधी डोक्यात घ्यावं. पोटासाठी जिथं कायमचे राहता, तिथलं कार्ड धडधाकट असतानाच काढा. आजारी माणूस कचेरीच्या पायऱ्या चढू शकत नाही, आणि त्याला सोडून बायकोला जाता येत नाही.

मिरजेबद्दल म्हणाल, तर एवढं मान्य करते. मार्चमध्ये हे चालत होते, तेव्हा दोन दिवसांचा प्रवास करून न्यायला हवं होतं. फुकटात झालं असतं. पण तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, आणि आता जे बोलतात त्यांच्यापैकी एकानंही तेव्हा तिकीट पाठवलं नाही.

इको झाला त्या खासगी दवाखान्यात चार दिवस ठेवलं. शेठनी पाच हजारांची उचल दिली आणि पुढच्या पगारातून कापायला सुरुवात केली. घरी सोडताना नऊ औषधांचा कागद मिळाला. त्यात एक सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, सकाळ-संध्याकाळ. त्या एका गोळीलाच महिन्याला चार हजारांच्या आसपास लागायचे. साडेनऊ हजारांत चार हजार! डॉक्टरांनी मीठ सांगितलं, पाणी मोजून प्यायला सांगितलं, चालायला सांगितलं. महिन्याला हे परवडेल का, एवढं विचारलं नाही. मीच विचारलं असतं तर? विचारलं नाही, कारण नवऱ्याच्या जिवाचा भाव करते असं वाटेल म्हणून लाज वाटली. ती लाज आज मला सगळ्यांत जास्त डाचते.

नोव्हेंबरात त्यांचा कामाचा सदरा धुवायला घेतला. आतल्या खिशात गुलाबी कागदाची पुडी लागली, आपण सोनं बांधतो त्या पातळ कागदाची. माझे हातपाय गार पडले. चोवीस वर्षांत ज्या माणसानं रवाभर सोनं इकडचं तिकडं केलं नाही, त्यानं शेवटी चोरी केली, आणि ती दवाखान्यासाठी. दाराला कडी लावली आणि पुडी उघडली. आत अर्ध्या-अर्ध्या कापलेल्या गोळ्या होत्या. कातरीनं कापलेल्या, कडा सरळ. सोनाराच्या हाताचं काम.

मी विचारलं तेव्हा हे हसले. “बरं वाटतंय गं. अर्ध्यात भागतं. पोरीची फी भरायची आहे.” संध्याकाळची गोळी पाच महिन्यांपासून बंद होती आणि सकाळची अर्धी. मी समोर असले की अख्खी घेतल्यासारखं करायचे. पथ्य पाळलं नाही ते हे. शेठ, ऐकताय ना?

त्यानंतर चौथ्या रात्री पाय मांडीपर्यंत सुजलेले, ओठ काळेनिळे. 108 ची गाडी आली, तंजावूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी मला बाजूला बसवलं. मोडक्या हिंदीत सांगितलं, महाग गोळी अर्धी-चतकोर घेण्यापेक्षा जुनी स्वस्त गोळी रोज पूर्ण घेतलेली चांगली. एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, कार्वेडिलॉल, लघवीची फ्युरोसेमाइड. सगळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी. महाग गोळी जास्त गुणाची खरी, पण पोटात गेली तर. कुंभकोणमच्या जीएचपासून, म्हणजे सरकारी दवाखान्यापासून, आमची खोली चालत वीस मिनिटांवर होती. आठ महिने वीस मिनिटांवर फुकट औषध होतं आणि हे कातरीनं गोळ्या कापत होते.

नवव्या दिवशी, डिसेंबर 2022 मध्ये, हे गेले. पुढच्या महिन्यात, जानेवारी 2023 मध्ये, त्या महागड्या गोळीचं पेटंट संपलं आणि दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या.

माझी मुलगी आता नर्सिंगला आहे. तिनं मला आकडे वाचून दाखवले. 2017 साली 16 देशांतल्या हृदय निकामी झालेल्या रुग्णांचा अभ्यास छापून आला. वर्षभरात भारतातले शंभरातले 23 गेले होते, चीनमधले 7. तिरुवनंतपुरमच्या 2013 च्या नोंदणीत 1,205 रुग्ण होते, तीन वर्षांत त्यातले जवळजवळ 45 टक्के गेले. केरळसारख्या राज्यात ही गत. पुढं देशभरातल्या दहा हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली, त्यात शिक्षण जितकं कमी तितके पहिल्या तीन महिन्यांतले मृत्यू जास्त दिसले. हे सातवी शिकलेले. त्या सगळ्यांनी पथ्य पाळलं नाही का? सातवी शिकलेल्या माणसाचं हृदय वेगळ्या मातीचं असतं का?

आता ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी.

कागद हातात आला की डॉक्टरांसमोरच विचारा, “महिन्याला किती रुपयांचं होईल?” आणि आपल्याला किती जमेल तो आकडा सांगा. लाजू नका. जमत नसेल तर गोळी मनानं कापू नका, सोडू नका, बदलूही नका. सॅक्युबिट्रिलची गोळी आणि एनालाप्रिलच्या जातीची गोळी यांच्यात 36 तासांचं अंतर लागतं, नाहीतर तोंड-घसा सुजून जीव जाऊ शकतो. बदल डॉक्टरांकडूनच करून घ्या. जनऔषधीच्या दुकानात चौकशी करा. विमा योजना दाखल झाल्यावरच्या खर्चाला आहे, महिन्याच्या गोळ्यांना नाही, हे आधी समजून घ्या, मी ते उलटं समजत होते. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं लागतो. चार माणसांच्या गलाईच्या दुकानाला तो सहसा नसतो. म्हणून शेठनं कामाला ठेवताना आजारपणाचं काय, हे तोंडी नको, कागदावर घ्या.

अंगदुखीच्या गोळ्या. यांची पाठ भट्टीपुढं वाकून दुखायची, मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून घ्यायचे. त्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि दुबळं हृदय आणखी बुडवतात. हे मला तंजावूरला कळलं. तुमच्या घरात असतील तर आजच बाजूला काढा.

मीठ नुसतं आमटीत नसतं. इकडची अप्पळम, वडाम, मोर मिळगाय, आपला खर्डा, लोणचं, सगळं मिठात बुडालेलं. एका माणसासाठी वेगळं करणं जमत नाही, म्हणून आख्ख्या घराचंच कमी करा. बाकी वेळेवर जेवावं, विडी-तंबाखू सोडावी, मनाला त्रास करून घेऊ नये, हे सगळे सांगतात.

2021 पासून इथं आरोग्यवाल्या बाया घरोघर बीपी-साखरेच्या गोळ्या पोचवतात. आमच्या गल्लीत शेजारणीकडं एक यायची. आम्ही परके, आपल्याला कशाला देईल, म्हणून मी कधी हाक मारली नाही. तुम्ही मारा. नाही म्हणाली तर कुठं जायचं ते तरी सांगेल.

आणि वजन. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, त्याच कपड्यांत. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठा, सूज दिसायची वाट बघू नका. ज्या हातांना सोन्यातला गुंजेचा फरक कळायचा, त्यांच्या घरात माणूस जोखायचा काटा नव्हता. हजाराच्या आत येतो. मी तो यांच्या मागं घेतला आणि खोलीच्या दाराशी ठेवला आहे. गल्लीतल्या दोन घरचे म्हातारे रोज सकाळी येऊन त्यावर उभे राहतात, मी भिंतीवर खडूनं आकडे लिहिते. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या एकाचा आकडा शुक्रवार ते रविवार दोन किलोनं वाढला. त्यांच्या सुनेला मी दुपारचं जेवणही करू दिलं नाही, त्यांना घेऊन तशीच जीएचला पाठवली.

उचलीतले किती कापले आणि किती उरले, याचा हिशेब मी शेठकडं लेखी मागितला आहे. अजून आलेला नाही.