चाळीस तासांच्या सर्टिफिकेटवर करिअर उभं राहत नाही

बारावीचा निकाल लागला की फरीदाबादमधल्या मराठी घरांतून फोन सुरू होतात. कुणी एनएचपीसीत, कुणी भूजल मंडळात बदलून आलेलं, कुणी कारखान्यात वरच्या जागेवर. पूर्वी प्रश्न इंजिनिअरिंगचा असायचा, मग डेटा सायन्सचा आला. आता नवा प्रश्न ऐकू येतो. "मुलीला सायकॉलॉजीत जायचंय. आरबीटीचा ऑनलाइन कोर्स आहे, चाळीस तासांचा. तो केला की ऑटिझमच्या मुलांबरोबर काम करता येतं, अमेरिकेतही मागणी आहे म्हणे. फी भरू का?"

नका भरू.

आरबीटी म्हणजे रजिस्टर्ड बिहेविअर टेक्निशियन. अमेरिकेतल्या बिहेविअर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्डाचं हे प्रमाणपत्र. वय अठरा पूर्ण, शालेय शिक्षण पूर्ण, चाळीस तासांचं प्रशिक्षण, प्रात्यक्षिक आणि शेवटी बोर्डाची परीक्षा, असा त्याचा क्रम. पण १ जानेवारी २०२३ पासून हे बोर्ड भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज स्वीकारत नाही. म्हणजे चाळीस तास पूर्ण होतील, पीडीएफ हातात पडेल, आणि ज्या परीक्षेसाठी तो खटाटोप केला ती इथे राहून देताच येणार नाही. जाहिरातीत हे वाक्य नसतं. दुसरी गोष्ट व्हिसाची. एच-१बी व्हिसासाठी कामाला किमान त्या विषयातली पदवी लागावी लागते. या कामाला शालेय शिक्षण पुरतं. तेव्हा त्या वाटेने अमेरिका गाठायचा बेत सोडून द्या. आयबीएओ किंवा क्वाबासारख्या संस्था भारतीय उमेदवारांना प्रमाणपत्रं देतात. आधीच काम करणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो. पण त्यांच्यामुळे भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळत नाही, आणि इथे खरी किंमत त्या क्रमांकाला आहे.

नेहमीच्या वाटा थोडक्यात सांगते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर बीए, एमए आणि त्यापुढे परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण, सात-आठ वर्षं धरा. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी या चार-पाच वर्षांच्या पदव्या, दोन्ही उत्तम. यांची माहिती कुठेही मिळते.

ज्या वाटेकडे कुणी बघत नाही ती म्हणजे विशेष शिक्षणातली डी.एड. पदविका. दोन वर्षं. बारावीत ५० टक्के गुण, शाखा कोणतीही. पूर्ण केल्यावर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत विशेष शिक्षक म्हणून नाव लागतं. परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘बिहेविअर टेक्निशियन’ अशी वेगळी नोंदणी परिषदेकडे नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या परिशिष्टात वर्तन विश्लेषकाचा उल्लेख आहे, पण तेवढ्या भरवशावर आज कुणाला पैसे देण्यात अर्थ नाही.

फरीदाबादच्या मुलांना तर लांब जायचीही गरज नाही. बाटा चौकात व्हायोलेट लाइनची मेट्रो धरली की गाडी न बदलता जसोला अपोलोला उतरता येतं. जसोलाला ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ आहे. मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली ही संस्था देशात ऑटिझमच्या शिक्षणाची पायाभरणी करणाऱ्यांपैकी एक आहे, आणि शिक्षक तयार करण्याचं कामही ती करते. नोएडात राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. तिचंच दुसरं केंद्र नवी मुंबईत. महाराष्ट्रात परतणाऱ्यांसाठी मुंबईतली १९४४ पासूनची जय वकील शाळा आणि २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी उभं केलेलं ‘उम्मीद’ ही दोन नावं तरी ठाऊक असू द्या.

आता प्रत्यक्ष काम काय असतं ते बघा, कारण फी भरणाऱ्या दहांतल्या नवांनी ते पाहिलेलं नसतं. सेक्टरातल्या एखाद्या कोठीच्या तळमजल्यावरचं थेरपी सेंटर, जमिनीवर फोमची चटई, लहानसं टेबल. चार वर्षांचा मुलगा पेला भिरकावतो आणि कपाळ जमिनीवर आपटतो. टेक्निशियन ओरडत नाही, उचलूनही घेत नाही. कपाळाखाली उशी सरकवते, आणि नंतर कागदावर तीन रकाने भरते: आधी काय झालं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. आठवडाभराचे कागद समोर ठेवले की दिसतं, हे दरवेळी पेला रिकामा असताना होतं आणि आपटल्यावर लगेच कुणीतरी पाणी आणून देतं. मुलाला पाणी मागता येत नाही, आपटलं की पाणी येतं एवढं मात्र तो शिकला आहे. मग पाण्याचं चित्र असलेलं कार्ड येतं. पहिल्यांदा ती त्याचा हात धरून कार्ड पुढे करायला लावते आणि त्याच क्षणी घोटभर पाणी देते. मग हात फक्त कोपराला लावते. मग नुसती नजर कार्डाकडे. पेला मुद्दाम छोटा, म्हणजे मागायची संधी पुन्हापुन्हा येते. प्रत्येक वेळची नोंद: मदतीने दिलं, अर्ध्या मदतीने दिलं, आपणहून दिलं. काही आठवड्यांनी मुलगा कार्ड घेऊन स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो आणि आपटणं कमी होतं.

हे काम दिवसभर करायचं आहे. चावे बसतात, केस ओढले जातात, चड्ड्या बदलाव्या लागतात, आणि एकच गोष्ट शंभरदा तितक्याच उत्साहाने करावी लागते. सुरुवातीचा पगार कमी असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याला हे पाहून कंटाळा येईल त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला त्या तीन रकान्यांत कुतूहल वाटेल त्याच्यासाठी काम कधी संपणार नाही. ‘इन्क्लेन’ या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशातल्या पाच ठिकाणची मुलं तपासली. त्यातलं एक ठिकाण होतं पलवल, २००८ पर्यंत फरीदाबादचाच भाग असलेला जिल्हा. दुसरं उत्तर गोवा. दोन ते सहा वयाच्या सुमारे ९ टक्के आणि सहा ते नऊ वयाच्या १३ टक्क्यांहून जास्त मुलांत मेंदूच्या विकासाशी संबंधित कुठली ना कुठली अडचण आढळली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं. तेवढे शिक्षक कुठेच नाहीत.

मराठी मुलांकडे आणखी एक गोष्ट असते: घरची भाषा. इथल्या मराठी घरात आई मराठी बोलते, सेंटरमध्ये हिंदी, शाळेत इंग्रजी. ‘मूल गोंधळतंय, घरी मराठी बंद करा’ असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. दोन भाषा ऐकल्यामुळे ऑटिझम असलेल्या मुलाची भाषा मागे पडते, असं संशोधनातून दिसलेलं नाही. आजीशी त्याचा उरलासुरला संवाद मात्र त्या सल्ल्याने तुटतो. ‘पाणी दे’, ‘नको’, ‘पुरे’ हे शब्द घरच्या भाषेत शिकवणारी माणसं फरीदाबादला हवी आहेत, आणि लातूरलाही.

आता आईबापांशी. मुलगी हे शिकते म्हणाली की पहिलं वाक्य येतं, "एवढं शिकून वेड्या मुलांना सांभाळणार?" दुसरं, "ही तर आयाची कामं." तिसरं लग्नाचं. तीनही वाक्यं मुलीसमोर बोलू नका. ही मुलं वेडी नाहीत, काम सांभाळण्याचं नसून शिकवण्याचं आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्या शिक्षणाचा हक्क त्यांना दिला आहे.

पण याच्या उलट दबाव मला जास्त घातक वाटतो आणि त्यावर कुणी बोलत नाही. धाकट्याला ऑटिझम आहे, म्हणून थोरलीने हेच शिकायचं, असं काही घरांत न विचारता ठरून गेलेलं असतं. "घरातच थेरपिस्ट झाली की काळजी मिटली." मुलगी मान खाली घालून बसलेली असते. तिला विचारलं तर म्हणते, "हो, मलाही आवडतं." एकटीला बसवून विचारलं की कळतं, तिला आर्किटेक्चर करायचं आहे. लहानपणापासून ती भावाच्या वेळापत्रकावर जगली आहे. शाळेच्या गॅदरिंगला आईबाबांपैकी एकच येऊ शकायचं. आता तिचं शिक्षणही भावाच्या नावे लावायचं? थोरली ही धाकट्याची आजन्म सोय नव्हे. तुमच्या पश्चात मुलाचं काय, हा प्रश्न खरा आहे, झोप उडवणारा आहे. त्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो, निरामय विमा घेता येतो. ती कागदपत्रं तुम्ही करा. काही भावंडं मनापासून या क्षेत्रात येतात आणि अतिशय चांगलं काम करतात, पण त्यांना आधी ‘नाही’ म्हणायची मोकळीक मिळालेली असते.

शेवटी सेंटर निवडण्याबद्दल. बारावी झालेल्या मुलांना आठवडाभर दाखवून थेट एकट्याने सेशन द्यायला लावणारी सेंटर्स आहेत. विचारा: माझ्या कामावर देखरेख कोण करणार, तिची नोंदणी कुठली, ती महिन्यातून किती वेळा सेशनमध्ये बसणार? आरबीटीच्या नियमातही महिन्याच्या कामाच्या किमान ५ टक्के तास देखरेखीखाली असावे लागतात. पालकांना सेशन बघू देतात का, हेही विचारा. दार बंद असेल तर तिथे कामाला राहू नका. वर पाहिलेल्या या वर्तन-उपचारपद्धतीचा इतिहासही वाचा. मानसशास्त्रज्ञ ईव्हार लोव्हास यांच्या सुरुवातीच्या पद्धतीत शिक्षेचा वापर होता, आणि त्यातून गेलेली ऑटिस्टिक माणसं आज मोठी होऊन त्याविरुद्ध बोलतात. त्यांचं म्हणणं ऐकायलाच हवं. मूल हात हलवतं, गोल फिरतं, ते कुणाला इजा करत नाही; ते थांबवण्यात सहा महिने घालवणारं सेंटर मुलाचं भलं करत नाही. ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्या सेंटरमध्ये तर पाऊलही ठेवू नका.

प्रवेशाचं वेळापत्रक आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी पुनर्वसन परिषदेच्या संकेतस्थळावर असते. संस्थेचं नाव तिथे शोधा, त्याच अभ्यासक्रमापुढे ते आहे का ते बघा. मग मुलाला किंवा मुलीला परवानगी घेऊन चार दिवस एखाद्या चांगल्या केंद्रात नुसतं बसू द्या. त्यानंतरही जायचं म्हणाली तर फी भरा. यादीत नाव नसेल तर एक रुपयाही देऊ नका.