नळीचा पीळ आणि गोळीची लांबी

प्रश्न : जड गोळीसाठी रायफलच्या नळीला किती पीळ असावा?

उत्तर : नळीच्या आतील सर्पिल खोबणींमुळे गोळीला फिरकी मिळते आणि ती टोक पुढे ठेवून जाते, खोबणीचा एक पूर्ण वेढा जितक्या इंचांत पुरा होतो त्यावरून पीळ मोजतात, म्हणून ७ इंचांचा पीळ १२ इंचांच्या पिळाहून घट्ट ठरतो. प्रश्न वजनाचा असला, तरी निर्णायक बाब लांबी आहे, कारण त्याच व्यासाची, त्याच धातूंची गोळी जड करायची तर ती लांबच करावी लागते आणि लांब गोळीला स्थिर राहण्यासाठी अधिक फिरकी लागते. अमेरिकी एम-१६ रायफलीत हे स्पष्ट दिसते : ५५ ग्रेनच्या, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅमच्या गोळीसाठी दिलेला १४ इंचांचा पीळ थंड, दाट हवेत अपुरा पडल्याने १२ इंचांवर आणला गेला, आणि १९८० च्या दशकात ७ इंचांवर, तोही नव्या ६२ ग्रेनच्या गोळीपेक्षा तिच्या जोडीच्या, मार्ग उजळत जाणाऱ्या लांब ट्रेसर गोळीसाठी. पीळ थोडा अधिक घट्ट असल्याने सहसा बिघडत नाही, मात्र फार सैल असल्यास गोळी लक्ष्यावर आडवी आदळते. म्हणून वापरायच्या सर्वांत लांब गोळीवरूनच पीळ निवडावा.