कोळंबीचे आरोग्य आणि तळ्याचे पाणी

१९९४-९५ साली आंध्र प्रदेश व तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोळंबी-तळ्यांत पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने हाहाकार उडविला. रोगाची लक्षणे दिसू लागली, की तीन ते दहा दिवसांत तळेच्या तळे मरून जाई. हा रोग विषाणूमुळे होतो. परंतु विषाणू अंगात असूनही काही कोळंब्या बरेच दिवस निरोगी दिसतात आणि मग एकाएकी मरू लागतात. असे का व्हावे? याचे उत्तर पुष्कळदा तळ्याच्या पाण्यात सापडते.

प्रथम कोळंबीची रोगप्रतिकारशक्ती पाहू. आपल्या शरीरात तयार होतात तशी प्रतिपिंडे तिच्यात तयार होत नाहीत. तिची पहिली तटबंदी म्हणजे कवच, आणि दुसरी म्हणजे रक्तपेशी. या पेशी जंतूंना गिळतात, वेढतात. एका विकराच्या साखळीद्वारे मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य बनवून त्यांना कोंडतात. पर्यावरणाचा ताण पडला, की रक्तपेशींची संख्या बहुधा घटते व ही संरक्षणव्यवस्था दुबळी होते. कात टाकल्यानंतर नवे कवच मऊ असते; त्या वेळी धोका अधिक.

आता ताण कोठून येतो ते पाहू. दिवसा पाण्यातील शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री सर्वच जीव तो वापरतात. म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. लिटरमागे तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला, की कोळंबी अन्न टाकते. दुपारी उलट प्रकार घडतो. शेवाळ कर्बद्विप्राणिद वायू शोषून घेते, पाण्याची अल्कता वाढते, आणि उरलेल्या खाद्यापासून व विष्ठेपासून झालेला अमोनिया अधिक विषारी बनतो. म्हणजे एकाच तळ्यात पहाटेचा धोका वेगळा, दुपारचा वेगळा!

आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील गजनी व गोव्यातील खाजणे येथे वळवाच्या पावसाची भीती असते. पीक काढणीला आलेले असावे आणि रात्रीत मुसळधार सर यावी! गोडे पाणी हलके, ते खाऱ्या पाण्यावर तरंगते. मग तळाशी प्राणवायू पोहोचत नाही. शिवाय क्षारता एकदम घटल्यामुळे शरीरातील क्षारांचा समतोल राखण्यातच कोळंबीची शक्ती खर्च होते. अशा वेळी दबा धरून बसलेल्या विषाणूचे फावते.

येथे अनेकांची चूक होते. कोळंबी मरू लागताच प्रतिजैविकांकडे धाव घेतली जाते. विषाणूवर त्यांचा उपयोग नाही. उलट मालात त्यांचा अंश आढळला, तर परदेशातून तो परत येतो. २००९ साली भारतात परवानगी मिळालेली व्हॅनामी कोळंबीही या विषाणूपासून मुक्त नाही. तेव्हा रोगमुक्त बीज, बेताची दाटी, मोजके खाद्य, पहाटे प्राणवायूची तपासणी, पावसानंतर वरचे गोडे पाणी काढून टाकणे आणि पंखे चालू ठेवणे, हेच खरे उपाय. कोळंबीचा वैद्य औषधाच्या बाटलीत नसून तळ्याच्या बांधावर उभा असतो, हे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.