पाण्यालाही विरजण लागतं : फिशटँकमध्ये मासे सोडण्यापूर्वी



मुलांचा हट्ट म्हणून आपण फिशटँक आणतो. काच पुसतो, पाणी भरतो आणि त्याच संध्याकाळी मासे सोडतो. आठ-दहा दिवसांत एकेक मासा मरू लागतो. मग कुणी म्हणतं खाणं जास्त झालं, कुणी म्हणतं मासेच कमजोर होते. मुलाला मात्र वाटतं, आपल्याच हातून काहीतरी झालं. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. पाणी स्वच्छ होतं, पण तयार नव्हतं.

तयार पाणी म्हणजे काय?

मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनिया तयार होतो. नदी-तलावात पाणी भरपूर असतं, त्यामुळे तो विरून जातो. काचेच्या पेटीत तो साठतो आणि माशांचे कल्ले जाळतो.

निसर्गात यावर उपाय आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात मासे सहन करतात आणि वनस्पतींना तर ते खतच! हे जिवाणू नव्या टाकीत जवळजवळ नसतात. ते खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर हळूहळू वाढतात. दुधाचं दही व्हायला विरजण आणि वेळ दोन्ही लागतात, अगदी तसंच.

क्रमाने तयारी

१) जागा : ६० × ३० × ३० सेंमीची टाकी २७ सेंमीपर्यंत भरली, तर पाणी किती? ४८,६०० घन सेंमी, म्हणजे ४८.६ लिटर. नुसत्या पाण्याचं वजनच साडेअठ्ठेचाळीस किलोच्या वर! पाचवीच्या मुलांना हे गणित करू द्या. मग टाकी मजबूत आणि समतल टेबलावरच का ठेवायची, ते त्यांना आपोआप कळेल. थेट ऊन नको, शेवाळ वाढतं.

२) धुणं : टाकी आणि खडी फक्त साध्या पाण्याने धुवा. साबण अजिबात नको.

३) बादली वेगळी : आपल्या दिंडोरी तालुक्यात हे विशेष सांगावं लागतं. द्राक्षबागेसाठी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण घरोघरी माहीत आहे. मोरचुदात तांबं असतं आणि तांबं माशांना अगदी थोडंसुद्धा घातक ठरतं. फवारणीची बादली, मग किंवा पाइप टाकीसाठी वापरू नका. फवारणीचं काम करून आल्यावर टाकीत हात घालू नका.

४) पाणी : नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतं. ते माशांना मारतं आणि आपल्याला हव्या असलेल्या जिवाणूंनाही. पाणी उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवा किंवा दुकानात मिळणारं क्लोरीन घालवणारं औषध प्रमाणात घाला. बोअरचं पाणी जड असेल, तर ते चालणारे मासे दुकानदाराला विचारूनच निवडा.

५) फिल्टर : पहिल्या दिवसापासून चोवीस तास चालू ठेवा. जिवाणूंनाही प्राणवायू लागतो.

६) विरजण : मासे नसतानाच रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका. ते कुजून अमोनिया तयार होईल आणि जिवाणूंना अन्न मिळेल. ओळखीच्या घरी जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथल्या फिल्टरचा थोडा स्पंज ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. काम लवकर होतं.

किती थांबायचं?

साधारण चार ते सहा आठवडे. आपल्याकडच्या थंडीत जास्तही लागतील, कारण गारठ्यात जिवाणू हळू वाढतात. कॅलेंडरवर विसंबू नका. पाणी तपासण्याचं किट मिळतं, ते वापरा. आधी अमोनिया वाढतो, मग तो उतरताना नायट्राइट चढतं, शेवटी नायट्रेट दिसू लागतं. खाणं टाकल्यावर चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले आणि नायट्रेट दिसलं, की टाकी तयार. मध्येच पाणी गढूळ झालं तर घाबरून टाकी रिकामी करू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

मासे सोडण्यापूर्वी निम्मं पाणी बदला. सुरुवातीला गप्पीसारखे दोन-तीनच छोटे मासे आणा. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग टाकीतलं पाणी थोडंथोडं पिशवीत मिसळा आणि मासे सोडा. पुढे दर आठवड्याला पाव भाग, म्हणजे सुमारे १२ लिटर पाणी बदला. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका खळबळा.

मुलांसाठी उपक्रम

वहीत तारीख, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट असे चार रकाने आखा. मुलांनी दर तीन दिवसांनी नोंद करावी आणि शेवटी आलेख काढावा. किटची रसायनं मात्र मोठ्यांनीच हाताळावीत.

रिकाम्या टाकीकडे पाहून मूल रोज विचारेल, "मासे कधी आणायचे?" उत्तर आपण देऊ नका. वही त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा, "तूच वाचून सांग."