बोलका भ्रमणध्वनी : दिव्यांगांच्या हाती आलेले नवे साधन

सन २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात ३३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. यांपैकी जे पेडणे व डिचोली या तालुक्यांत राहतात, त्यांच्यापुढील अडचणी शहरवासीयांहून काहीशा निराळ्या आहेत. डोंगरउतारावर विखुरलेले वाडे, चिऱ्यांच्या उंचसखल पायऱ्या, ओहोळावरील साकव. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. परंतु जवळच्याच वाड्यावरील दृष्टिहीन गृहस्थास दुकानापर्यंत जाण्यासाठी अद्याप कोणाचा तरी हात धरावा लागतो. हे परावलंबन काही अंशी कमी करणारे साधन आज बहुतेक घरांत आहे, ते म्हणजे भ्रमणध्वनी.

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' ही सोय मुळातच असते. ती सुरू केली असता पडद्यावरील मजकूर फोन वाचून दाखवितो, मराठीतही वाचतो. मात्र एक गोष्ट घरच्या मंडळींनी ध्यानात घ्यावी. ही सोय सुरू असताना एकदा स्पर्श केल्यास फोन केवळ नाव सांगतो. ते उघडावयाचे तर दोनदा स्पर्श करावा लागतो. हे ठाऊक नसल्याने फोन बिघडला असे समजून ती सोय बंद करण्यात येते, आणि जिच्यासाठी फोन घेतला ती व्यक्ती पुन्हा पूर्वीच्याच स्थितीत येते. साधन देणे सोपे, ते शिकविण्यास चिकाटी लागते.

पैशांचा व्यवहार हा यातील सर्वांत नाजूक भाग होय. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची रक्कम बँकेत जमा होते खरी, पण हातात आलेली नोट किती रुपयांची, हे दृष्टिहीन व्यक्तीस दुसऱ्याला विचारावे लागते. सन २०१६ नंतर नोटांचे आकार बदलल्याने बोटांची जुनी सवयही निरुपयोगी ठरली. भारतीय रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी उपलब्ध केलेले 'मनी' हे ॲप कॅमेऱ्यासमोर धरलेल्या नोटेचे मूल्य बोलून सांगते. एकदा फोनमध्ये घेतल्यावर त्यास इंटरनेट लागत नाही, म्हणून संपर्क क्षीण असलेल्या गावीही ते चालते. नोट खरी की खोटी, हे मात्र त्यातून कळत नाही. तसेच बँकेचा गुप्त क्रमांक फोन मोठ्याने वाचतो तेव्हा शेजारीही तो ऐकतात! अशा वेळी एका कानात इअरफोन लावावा. क्रमांक वाचून घेण्यासाठी फोन परक्याच्या हाती देऊ नये.

दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेली 'स्मार्टकेन' ही काठीवर बसविण्याची मूठ सुमारे तीन मीटरपर्यंतचा अडथळा कंपनाने सुचविते. वाटेवर वाकलेली फांदी साध्या काठीला कळत नाही, ती हिला कळते. खड्डा मात्र काठीच्या टोकानेच चाचपावा लागतो.

कर्णबधिरांसाठी बोललेले शब्द अक्षरांत उमटविणारी ॲप्स आहेत. सरकारी कचेरीतील खिडकीपाशी त्यांचा विशेष उपयोग होतो. ज्या मुलांना वाचा नाही, त्यांच्यासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 'जेलो' हे ॲप तयार झाले. मूल चित्रावर बोट ठेवते आणि फोन त्याच्या वतीने मराठीत बोलतो. तहान लागली, पोट दुखते, हे नको, एवढे सांगता येऊ लागले तरी मुलाचे रडणे आणि आईचा घोर पुष्कळ कमी होतो. या कामी विशेष शाळांतील शिक्षकांचे मार्गदर्शन मोलाचे ठरते. डिचोली तालुक्यात सर्वण येथे केशव सेवा साधन या संस्थेची अशी शाळा आहे. शाळेत शिकविलेली चित्रे घरीही वापरली गेली पाहिजेत. अन्यथा मूल शाळेत बोलते आणि घरी मुके राहते.

ग्रामपंचायतींशी थेट संबंध येतो तो 'सुगम्य भारत' या ॲपचा. केंद्र शासनाने ते मार्च २०२१ मध्ये सुरू केले. सार्वजनिक इमारतीस उतरंड नसल्यास नागरिकाने तिचे छायाचित्र काढून त्याद्वारे तक्रार नोंदवावयाची असते. चाकाच्या खुर्चीतून आलेल्या माणसाला पंचायतघराच्या दारातूनच परतावे लागत असेल, तर ते छायाचित्र पाठविण्यापूर्वीच सरपंच व सचिव यांनी पायरीशेजारी उतरंड बांधून घेणे बरे.